बटण नीट दाबा

३ फेब्रुवारी

नोकरीला लागून दोन महिने झाले आणि आज मला ऑफिसात स्वतःची खुर्ची मिळाली. तिचं एक चाक फिरत नाही, त्यामुळे वळायचं असेल तर उठून खुर्ची उचलून वळवावी लागते. पण खुर्ची माझी आहे. सर म्हणाले की आपल्याकडे हुद्दे नाहीत, आपण एक कुटुंब आहोत. मला ते फार आवडलं. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, कुटुंबात रजा मिळते का ते विचारलंस का? बाबांना जुन्या पद्धतीच्या नोकऱ्यांची सवय आहे.

कुटुंब तसं छोटं आहे. सर, मी आणि माझ्यावरचे एक अनुभवी प्रोग्रामर. त्यांना कुठलीही चूक दाखवली की ते शांतपणे स्वतःचा फोन काढतात, ॲप उघडून दाखवतात आणि म्हणतात, "माझ्याकडे चालतंय." मनातल्या मनात मी त्यांचं नाव चालतंय ठेवलं आहे. मोठ्या माणसांना नावं ठेवू नयेत हे मला कळतं.

आमचं ॲप 'सोबत'. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटकडे जाऊन त्यांना पुसणं, कूस बदलणं, औषध देणं असं सगळं करणाऱ्या बायकांसाठी ते आहे. एका ब्युरोने ते आमच्याकडून करून घेतलं आहे. पेशंटच्या घरच्यांकडून ब्युरो महिन्याची ठरलेली रक्कम घेतो आणि बायकांना भेटीमागे पैसे देतो. बाई निघताना फोनवर 'भेट पूर्ण' हे बटण दाबते, हिरवी खूण उमटते, नोंद ब्युरोला पोचते. पूर्वी सुपरवायझरबाईंची मर्जी सांभाळावी लागायची. आता मर्जीचा प्रश्नच नाही. आणि गंमत म्हणजे माझी आई त्याच ब्युरोत आहे. तिचे कष्ट चोख मोजले जावेत म्हणून तिच्याच मुलीने शिकावं आणि नेमक्या त्याच कामाला लागावं, याहून चांगलं काय असू शकतं?

सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, वा, आपल्याला घरबसल्या एक वापरकर्ता मिळाला.

११ फेब्रुवारी

घरात पहिली पदवीधर असण्याचे काही तोटे आहेत. बाबा सगळ्यांना सांगतात की आमची मुलगी मोबाइलची इंजिनिअर आहे. परिणामी संध्याकाळी दारात फुटलेल्या काचांचे, पाण्यात पडलेले फोन घेऊन शेजारी उभे असतात. मी समजावते की माझं काम फोनच्या आतलं आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हो ना, आतच पाणी गेलंय.

ते जाऊ दे. आज आई म्हणाली की मागच्या आठवड्यातल्या तिच्या काही भेटी ब्युरोत दिसत नाहीत. मी तिला शांतपणे समजावलं. तिचे हात दिवसभर पाण्यात असतात, अंगठ्याची कातडी सोलल्यासारखी झाली आहे. असा अंगठा पडद्याला लवकर कळत नाही. हात कोरडा करावा, बटणाच्या मधोमध अंगठा ठेवावा, घाई करू नये.

"हिरवी खूण आलेली मी पाहिली गं," आई म्हणाली.

"आई, यंत्र खोटं बोलत नाही."

आईने पडदा पदराने पुसला. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, चार्जिंगला लाव. मला वाटतं तिला पटलं.

१६ फेब्रुवारी

आईसारख्याच बऱ्याच जणींच्या भेटी गायब आहेत. चालतंयनी आपला फोन काढून बटण दाबून दाखवलं. खूण आली, नोंद पोचली. म्हणजे ॲपमध्ये दोष नाही. सरांनी बैठक घेतली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : वापरकर्ता शिक्षण. बायका बटण नीट दाबत नाहीत, हे मूळ दुखणं. त्यावर उपाय म्हणजे बटण कसं दाबावं याचा एक छोटा व्हिडिओ, आणि तो बनवायची जबाबदारी माझ्यावर. सर म्हणाले, तळागाळाशी तुझी नाळ जुळलेली आहे.

तळागाळ म्हणजे आमचं घर, हे मला बसमध्ये लक्षात आलं. पण त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

१९ फेब्रुवारी

आज व्हिडिओ झाला. बटण दाबणारा हात आईचाच घेतला. चार वाजता ती बँकेतल्या आजींकडून निघते तेव्हा मी जिन्यात उभी राहिले. बँकेतल्या आजी म्हणजे पूर्वी बँकेत रोखपाल होत्या त्या. आता त्यांची डावी बाजू गेली आहे आणि आईच्या हाताशिवाय त्या पाणीसुद्धा पीत नाहीत. आईने पदराला हात पुसला, अंगठा मधोमध ठेवला, मनात काहीतरी मोजल्यासारखं करून उचलला. खूण हिरवीगार उमटली. मग मी माझ्या आवाजात बोलले : "पाहिलंत? इतकं सोपं आहे. बटण नीट दाबा, नोंद नीट होईल."

आईने विचारलं, मी नीट दाबलं ना? मी म्हटलं, एकदम आदर्श.

सरांनी तो संध्याकाळीच सगळ्या बायकांना पाठवला.

२० फेब्रुवारी

आदर्श भेटीची नोंद झालेली नाही.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. व्हिडिओत खूण आहे. आज सकाळी आईने ॲप उघडलं तर खूण नाही. ब्युरोकडे नोंद नाही. आमच्या सर्व्हरवरही नाही. कॅमेऱ्यासमोर, माझ्या देखरेखीखाली, कोरड्या अंगठ्याने, मधोमध दाबलेलं बटण, आणि त्याचं कुठे नावनिशाण नाही.

चालतंयना दाखवलं. त्यांनी स्वतःचा फोन काढला. मी म्हटलं, नको, तुमच्याकडे चालतंय हे मला माहीत आहे. ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसले.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. आधी कारण सापडू दे.

२४ फेब्रुवारी

ऑफिसात ही चूक काही केल्या होत नाही. आमच्याकडचं नेट नळाच्या पाण्यासारखं एकसारखं येतं. आई मात्र बटण दाबते ते जिन्यात, बोळात, दाराआड, म्हणजे जिथे नेट आत-बाहेर करतं अशा जागी. म्हणून मी ऑफिसच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये फोन घेऊन बसले. दार बंद झालं की नेट जातं, उघडलं की येतं. वर, खाली, वर, खाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी जागा देत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी विचारलं, कुठल्या मजल्यावर जायचंय? मी म्हटलं, कुठल्याच नाही. त्यांनी जाऊन वॉचमनला सांगितलं. वॉचमनने येऊन मला विचारलं, घरी काही झालंय का?

तेवढ्यात फोनवरची भेट गायब झाली. मला इतका आनंद झाला की मी वॉचमनचा हात धरून हलवला. त्यांची काळजी काही मिटली नाही.

२५ फेब्रुवारी

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. विसरू नये म्हणून साध्या शब्दांत लिहून ठेवते.

फोनच्या आत दिवसभराच्या भेटींचं एक पान असतं. नेट आलं की ॲप सर्व्हरकडे ताजं पान मागतं. ते वाटेत असतानाच आई बटण दाबते. ॲप फोनमधल्या पानावर खूण करून ते जागेवर ठेवतं. मग सर्व्हरचं पान येऊन पोचतं. ते निघालं तेव्हा खूण झालेलीच नव्हती, त्यामुळे ते कोरं असतं. ॲप काही न विचारता जुनं पान फेकतं आणि कोरं पान तिथे ठेवतं. खूण करणारा आणि ताजं पान ठेवणारा, ॲपचे हे दोन्ही भाग आपापलं काम चोख करतात, एकाच वेळी करतात, आणि एकमेकांना विचारत नाहीत. नंतर ब्युरोला नोंदी पाठवणारा भाग येतो, कोरं पान बघतो आणि समाधानाने परत जातो. पडद्यावरची हिरवी खूण मात्र ॲप बंद होईपर्यंत तशीच असते. तेवढ्यावर विश्वास ठेवून आई पुढच्या पेशंटकडे चालू लागते.

म्हणजे यंत्र खोटं बोलत होतं. आणि त्याच्या बाजूने मी बोलत होते.

संध्याकाळी आईला सांगितलं की तुझं बटण बरोबर होतं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, मला माहीत होतं गं, पण तू इतकी शिकलेली म्हटल्यावर मला वाटायला लागलं होतं की माझ्याच अंगठ्यात काहीतरी असेल. तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी

माझं म्हणणं असं होतं की फोनमधल्या पानाला एकच दार असावं आणि सगळ्यांनी तिथे रांगेत यावं. आणि जी खूण अजून ब्युरोला पोचलेली नाही, ती बाहेरून आलेल्या पानाने पुसायची नाही. सरांना रांग हा शब्द आवडला नाही. रांग म्हणजे सरकारी कचेरी, ते म्हणाले, आपण वेगाच्या बाजूचे आहोत.

चालतंयनी सोपा उपाय काढला. बटण दाबल्यावर ॲपने दोन सेकंद थांबायचं आणि मगच खूण जपून ठेवायची. तेवढ्यात सर्व्हरचं पान येऊन गेलेलं असेल. मी विचारलं, नाही आलं तर? ते म्हणाले, मग पाच सेकंद थांबू. थांबताना पडद्यावर काय दाखवायचं यावर मात्र खरी चर्चा झाली आणि ती दुपारभर चालली. सरांच्या इच्छेनुसार आता तिथे एक कमळ उमलतं. पाकळीपाकळीने.

४ मार्च

कमळ उमलेपर्यंत कोण थांबणार? बायका बटण दाबतात, फोन बंद करून कमरेला खोचतात आणि चालू पडतात. कमळ अर्ध्यावर मिटतं आणि त्यासोबत नोंदही. आधी दहातल्या दोन-तीन भेटी जायच्या, आता निम्म्या जातात.

मी आकडे घेऊन सरांकडे गेले. सर प्रसन्न होते. ग्राहकाची, म्हणजे ब्युरोची, एकही तक्रार नाही. उलट त्यांच्या व्यवस्थापकांनी फोन करून अभिनंदन केलं की ॲप आल्यापासून कामात शिस्त आली आणि खर्च कमालीचा खाली आला. सरांनी ते वाक्य आमच्या संकेतस्थळावर टाकायला सांगितलं. मी टाकलं.

इतका समजूतदार ग्राहक मिळायला भाग्य लागतं. त्यांच्या निम्म्या नोंदी आम्ही हरवतो आहोत आणि ते कौतुक करतात.

बाहेर आल्यावर चालतंयना हेच म्हटलं. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तू खरंच हुशार आहेस ना? मग जरा हिशेबाने विचार कर." काय ते विचारलं तर म्हणाले, काही नाही, माझ्या घराचे हप्ते चालू आहेत. त्यांचं असंच तुटक बोलणं असतं.

७ मार्च

आईला ब्युरोने बावीस तारखेला बोलावलं आहे. कामात अनियमितता. ज्यांच्या भेटी निम्म्याहून कमी भरल्या त्यांचं समक्ष ऐकून घेणार आणि समाधान झालं नाही तर कामावरून कमी करणार.

आई म्हणाली की बँकेतल्या आजींच्या सुनेला विचारा, ती घरातच असते, मी रोज येते की नाही ते सांगेल. सुपरवायझरबाई म्हणाल्या, माणसं ओळखीला भुलतात, म्हणून तर ॲप आणलं. ॲपमध्ये नाही ते झालं नाही.

हा शेवटचा मुद्दा मी सरांच्या तोंडून पूर्वी ऐकला आहे. त्यांच्या माहितीपत्रकातला आहे. खरं सांगायचं तर तो मीच टाइप केला आहे.

जेवताना आईने एवढंच म्हटलं की नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण मी गेलेच नाही असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही.

१० मार्च

सर मोठ्या शहरातल्या एका परिषदेत भाषण द्यायला गेले आहेत. विषय : तंत्रज्ञान आणि करुणा. आठवडाभर नाहीत.

मी कमळ काढलं. एक दार केलं, एक रांग केली. आता फोनमधल्या पानाला हात लावायचा असेल तर कुणीही असो, रांगेत. सर्व्हरकडून आलेलं पान म्हणजे देववाणी नव्हे. आईने केलेली खूण पोचवल्याशिवाय ते तिच्यावर पडणार नाही. चालतंयनी सगळं वाचलं. बराच वेळ वाचलं. चूक एकच काढली, आणि ती बरोबर होती. मग म्हणाले की नव्या आवृत्तीच्या वर्णनात 'किरकोळ सुधारणा' एवढंच लिही, जास्त उत्साह दाखवू नकोस.

मी विचारलं, सरांना विचारायला नको का? ते म्हणाले, चूक दुरुस्त करायला परवानगी मागायची सवय लावून घेऊ नकोस. मग उठले आणि उरलेली दुपार फोनवर घरच्यांशी बोलत बसले. मी पाठवण्याचं बटण दाबलं तेव्हा ते खोलीत नव्हते. हे त्यांनी नंतर दोनदा मोठ्याने सांगितलं.

१३ मार्च

बायकांच्या फोनवर 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी दिसते. खाली दोन पर्याय : 'अपडेट करा' आणि 'नंतर'. फोनमध्ये जागा नसते म्हणून आपोआप अपडेट होणं बहुतेकींनी बंद ठेवलेलं असतं, तरी कमळाला कंटाळून जवळजवळ सगळ्यांनी 'अपडेट करा' दाबलं आहे.

आईच्या आजच्या सगळ्या भेटी पोचल्या. कालच्याही. मी तिला दाखवल्या. ती म्हणाली, बरं. पण बावीस तारीख मागच्या भेटींबद्दल आहे, आणि त्या परत यायच्या नाहीत. त्या कुठेच नाहीत.

१८ मार्च

ग्राहकाची पहिली तक्रार आली.

भेटी अचानक दुप्पट झाल्या आहेत, ॲपमध्ये काहीतरी बिघाड असावा, ताबडतोब पाहावं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं. सर परिषदेतून शाल आणि सर्दी घेऊन आले होते. त्यांनी मला बोलावलं. मी आनंदाने सांगितलं की बिघाड आधी होता, आता गेला. आकडे दाखवले, लिफ्टचं सांगितलं. सर ऐकत होते. मग त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "हे बघ, दुरुस्त म्हणजे काय, हे ग्राहक ठरवतो."

मी म्हटलं, सर, बायका खरंच जातात.

ते म्हणाले की तो ब्युरो आणि बायका यांच्यातला प्रश्न आहे, आपण फक्त तंत्र पुरवतो.

मी जागेवर आले. खुर्ची उचलून खिडकीकडे वळवली आणि चार मार्चचं पान पुन्हा वाचलं. शिस्त आली, खर्च कमालीचा खाली आला. इतका समजूतदार ग्राहक. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे, वर त्यात भाग्य हा शब्दही आहे. पदवी घेताना माझा वर्गात दुसरा नंबर होता. पहिल्या नंबरच्या मुलीला हे कळायला किती दिवस लागले असते कोण जाणे.

२० मार्च

सरांचा निर्णय झाला. जुनं ॲप परत. फोनमध्ये जाऊन काढून तर घेता येत नाही, म्हणून जुनंच ॲप नव्या क्रमांकाने पाठवायचं. बायकांनी 'अपडेट करा' दाबलं की रांग गेली, कमळ आलं. काम चालतंयकडे दिलं आहे, चोवीस तारखेला जाणार. मला सर म्हणाले की तुझी तळमळ मला समजते, पण भावनेच्या भरात माणसाने पगारावर पाणी सोडू नये. शिवाय तुझ्या आईचं वैयक्तिक काही असेल तर मी व्यवस्थापकांकडे शब्द टाकतो.

खरं लिहायचं तर मी लगेच नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं. बसमध्ये पूर्ण वेळ विचार केला. सरांनी शब्द टाकला तर आईचं काम वाचेल, माझंही वाचेल. एवढंच तर हवं होतं. मग मला एवढं कसलं वाईट वाटत होतं?

२२ मार्च

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आईसोबत ब्युरोत गेले. (रजा मिळते, हे बाबांना सांगायला हवं.)

व्यवस्थापकांच्या खोलीबाहेरच्या अरुंद बोळात बाकं टाकली होती आणि सगळी भरली होती. आईसारख्या दोन-चार जणी असतील अशी माझी समजूत होती. सगळ्याजणी अनियमित. सगळ्यांचे हात आईसारखेच.

आत व्यवस्थापकांनी मला ओळखलं. सरांनी त्यांना ॲप दाखवलं तेव्हा प्रोजेक्टरची वायर मीच लावली होती. त्यांना वाटलं मी कंपनीकडून आले. मी म्हटलं, ही माझी आई. मग आईच्या फोनवर तो आदर्श व्हिडिओ लावला, आणि त्याच दिवसाची त्यांच्याकडची नोंद काढायला सांगितलं. काढली. भेट नाही. व्हिडिओत खूण, नोंदीत शून्य, आणि वर माझाच आवाज : इतकं सोपं आहे.

त्यांनी चष्मा पुसला. मग उठून त्यांनी दार नीट लावलं आणि आवाज खाली आणला. आईंच्या बाबतीत गैरसमज झाला, त्यांच्या भेटी आपण हाताने भरून घेऊ, आजच. विषय इथेच संपला.

"आणि बाहेरच्या?" आईने विचारलं.

"त्यांचं त्यांनी बघावं. तुमचं झालं ना, मावशी?"

आई उठली. मला वाटलं नमस्कार करून निघणार. तिने जाऊन दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अगं, इकडे या जरा. माझी मुलगी काहीतरी सांगतेय. मला सगळं नाही कळलं, पण आपली बटणं बरोबर होती एवढं कळलं."

मग मला बोळात उभं राहून सांगावं लागलं. एक पान, दोन हात, रांग नाही. कॉलेजात शोधनिबंध वाचताना असे श्रोते मिळाले नव्हते. कुणी जांभई दिली नाही. एक ठेंगण्या बाई मला निरखत होत्या. म्हणाल्या, आवाज ओळखीचा वाटतोय, तूच ना ती, बटण दाबायला शिकवणारी? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, बाई गं, मी नवऱ्याला सांगून अंगठ्याला मलम आणलं तुझ्यापायी. बाकीच्या हसल्या. मला हसता आलं नाही, पण त्यांनी मला त्याबद्दलही माफ केलेलं दिसलं.

व्यवस्थापक दारातून म्हणाले की ही कंपनीची अंतर्गत बाब आहे, मॅडम, तुम्ही अडचणीत याल. तोपर्यंत मी आलेच होते.

"परवा नवं अपडेट येईल," मी म्हटलं. "ते घेऊ नका."

कुणीतरी विचारलं, मग पाटी आली की काय दाबायचं?

"नंतर."

जिना उतरताना सरांचा फोन आला. ते ओरडत नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, कुटुंबातली गोष्ट तू बाहेर नेलीस. मी म्हटलं, सर, मी कुटुंबासोबतच गेले होते.

२५ मार्च

मला आज कुटुंबातून कमी करण्यात आलं. कारण : मूल्यांमध्ये तफावत. सरांनी निरोपाच्या वेळी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले की तू खूप पुढे जाशील. मला वाटतं त्यांना दूर म्हणायचं होतं.

चालतंय जिन्यापर्यंत आले. त्यांनी कालच जुनं ॲप पाठवलं, वर्णन 'किरकोळ सुधारणा'. मी त्यांना दोष देणार होते, पण त्यांनी आधीच स्वतःला पुरेसा दिलेला दिसत होता. हप्त्यांबद्दल काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की कुठे अर्ज केलास आणि त्यांनी माझ्याबद्दल विचारलं, तर मी जे खरं आहे ते सांगेन.

२ एप्रिल

नोकरी अजून नाही. फुटलेल्या काचांचे फोन मात्र दुप्पट येतात, कारण मी आता दिवसभर घरी असते.

बाबा रोज सकाळी नोकरीच्या जाहिराती मोठ्याने वाचून दाखवतात. त्यात 'कौटुंबिक वातावरण' असं असलं की ती स्वतःच गाळतात.

आज चालतंयचा फोन आला होता. नवं अपडेट जवळजवळ कुणीच घेतलेलं नाही. सरांनी त्यांना विचारलं की बायकांना अपडेट घ्यायला भाग पाडता येतं का. येतं, पण ती सोय ॲपमध्ये करून ठेवावी लागते. ती करायचं काम जानेवारीतच ठरलं होतं आणि माझ्या नावावर होतं. सरांनी ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, कमळासाठी.

ब्युरोने बावीस तारखेच्या बायकांपैकी कुणालाच अजून कमी केलेलं नाही. सगळ्यांच्या भेटी आता पूर्ण भरतात, मग काय कारण दाखवणार? मागच्या बुडालेल्या भेटींचं 'विचाराधीन' आहे. आई आणि त्या ठेंगण्या बाई दर सोमवारी जाऊन विचार कुठवर आला ते विचारतात. पेशंटच्या घरच्यांनाही त्यांनी सांगून ठेवलं आहे. बँकेतल्या आजींच्या सुनेने ब्युरोला फोन करून चांगलंच फैलावर घेतलं म्हणे.

मघाशी आई निघत होती. चपला घातल्या, पिशवी घेतली, फोन काढला. पाटी होतीच : नवी आवृत्ती आली आहे, अधिक चांगल्या अनुभवासाठी अपडेट करा. तिने हात पदराला पुसलासुद्धा नाही. ओल्याच अंगठ्याने 'नंतर' दाबलं आणि कामावर गेली.